टी-शर्ट आतून बाहेर कधी आला? आणि जुन्या टी-शर्टचं साल कसं काढायचं?

काजबटण:
टी-शर्टचा इतिहास शोधला की सगळीकडे तीच दोन वाक्यं भेटतात. आधी तो बनियन होता, मग मार्लन ब्रँडोने सिनेमात घातला आणि फॅशन झाली. एका नटामुळे एवढं सगळं झालं हे काही पटत नाही. माझे प्रश्न दोन आहेत.

१. आतला कपडा बाहेर आला त्याचे टप्पे कोणते? शक्यतो सालासकट सांगा.
२. जुना अमेरिकन टी-शर्ट हातात आला तर तो कधीचा हे कपड्यावरून कसं ओळखायचं? विकणारा प्रत्येक जण 'अस्सल सत्तरच्या दशकातला' म्हणतो. लेबल, शिलाई आणि छपाई यांत भरवसा कशावर ठेवावा?

होजिअरी:
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. दुसऱ्यासाठी इथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत.

सुरुवात विणीपासून करावी लागेल, कारण टी-शर्ट हा मुळात विणीचा परिणाम आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'युनियन सूट' वापरत. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, पुढे बटणांची रांग. १८६८ मध्ये त्याचं पेटंट निघालं. पुढे त्याचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे झाले, पण वरच्या तुकड्याची बटणं तशीच राहिली. ती गेली ती रिबच्या गळपट्टीमुळे. रिबची वीण डोकं आत जाताना ताणते आणि गेलं की पुन्हा आवळते, त्यामुळे पुढे चीर नको, काज नको आणि बटणही नको. १९०४ च्या सुमारास कूपर अंडरवेअर कंपनीने याच मुद्द्यावर 'बॅचलर अंडरशर्ट' विकायला काढला. ज्याला सुई धरता येत नाही आणि ज्याच्याकडे बटण लावून देणारं कुणी नाही, त्या माणसासाठी.

१९१३ मध्ये अमेरिकी नौदलाने गणवेशाच्या आत घालायला आखूड बाह्यांचा, गोल गळ्याचा पांढरा सुती अंडरशर्ट दिला. उन्हात डेकवर किंवा इंजिनाच्या खोलीत काम करताना खलाशी वरचा सदरा काढून ठेवायचे. म्हणजे टी-शर्ट पहिल्यांदा दिसू लागला तो कामाचा कपडा म्हणून. 'टी-शर्ट' हा शब्द छापील स्वरूपात १९२० मध्ये एफ. स्कॉट फिट्झगेराल्डच्या पहिल्या कादंबरीत येतो, तोही शाळेच्या वसतिगृहात न्यायच्या कपड्यांच्या यादीत. म्हणजे तोवर तो शब्द वाचकाला समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

खरी उलथापालथ दुसऱ्या महायुद्धाने केली. लाखो तरुणांना हा कपडा सरकारी खर्चाने मिळाला, अंगवळणी पडला आणि युद्धानंतर ते तोच घालून अंगणात, गॅरेजात वावरू लागले. १३ जुलै १९४२ च्या 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर छातीवर 'एअर कोअर गनरी स्कूल' छापलेला टी-शर्ट घातलेला सैनिक आहे. वरचा सदरा नाही, आणि शर्टावर छपाई! फॅशनच्या दृष्टीने मी हा क्षण ब्रँडोपेक्षा मोठा मानतो. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत थॉमस ड्युईच्या प्रचाराचा 'ड्यू इट विथ ड्युई' असा टी-शर्ट निघाला होता. तो आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

आता ब्रँडो. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हे त्याचं नाटक १९४७ मध्ये रंगमंचावर आलं आणि १९५१ मध्ये पडद्यावर. दोन्हीकडे वेशभूषा लुसिंडा बॅलार्ड यांची. त्या काळचा दुकानातला टी-शर्ट नळकांड्यासारखा सरळ आणि ढगळ असायचा. बॅलार्डनी ते पुन्हापुन्हा धुऊन आटवले आणि अंगाबरोबर बेतून घेतले. ब्रँडोचं श्रेय म्हणायचंच तर ते या बेताचं आहे. टी-शर्ट बाहेर आलेलाच होता, तो अंगाला चिकटला इथे. १९५५ मध्ये जेम्स डीन या नटाने सिनेमात लाल जॅकेटखाली तोच घातला.

पुढचं सगळं छपाईचं आहे. प्लास्टिसोल शाई आणि फिरती छपाई यंत्रं आली तेव्हा छातीचं पाटीसारखं झालं. मायकेल व्हॅसिलँटोन यांच्या अनेकरंगी फिरत्या यंत्राला फेब्रुवारी १९६९ मध्ये पेटंट मिळालं. मिल्टन ग्लेझरचं 'आय लव्ह न्यूयॉर्क' चिन्ह १९७७ च्या मोहिमेतलं. लंडनमध्ये व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरेन यांनी किंग्ज रोडवरच्या दुकानात फाडलेले, पिना खुपसलेले टी-शर्ट विकले. १९८४ मध्ये फॅशन डिझायनर कॅथरीन हॅम्नेट मार्गारेट थॅचर यांच्या भेटीला गेल्या त्या '५८% डोन्ट वॉन्ट पर्शिंग' (५८ टक्के लोकांना पर्शिंग ही अमेरिकी क्षेपणास्त्रं नकोत) असं छातीभर लिहिलेला शर्ट घालून. अक्षरं मुद्दाम एवढी मोठी, की बातमीच्या फोटोत लांबूनही वाचता यावीत. पाटीचा उपयोग याहून नेमका कुणी केला असेल असं वाटत नाही.

एकशिंगी:
दुसऱ्या प्रश्नाचं सोपं उत्तर. बाहीला एकेरी टीप असेल तर नव्वदच्या आधीचा. विषय संपला.

माया_अर्धाइंच:
विषय संपत नाही, उलट तिथेच लोक फसतात. नियम एकच ठेवा: कपड्यावरची सगळ्यात उशिराची खूण त्याचं वय ठरवते. दहा खुणा १९७० च्या आणि एक १९९७ ची असेल, तर शर्ट १९९७ च्या आधीचा असू शकत नाही. विकणारा मात्र तुम्हाला सगळ्यात जुनी खूण दाखवतो.

आधी लेबल पाहा. अमेरिकेत विकायच्या कपड्यांना हे टप्पे लागू पडतात:

- धाग्याचा प्रकार आणि टक्केवारी लिहिणं ३ मार्च १९६० पासून सक्तीचं.
- धुण्याच्या सूचना ३ जुलै १९७२ पासून. सुरुवातीला त्या शब्दांत असायच्या.
- अमेरिकेत बनलेल्या मालावरही 'मेड इन यूएसए' लिहिण्याची सक्ती १९८४ च्या डिसेंबरअखेरीपासून. त्याआधीही पुष्कळ जण लिहीत, त्यामुळे ते असण्यातून काही ठरत नाही. आयात मालाचा देश त्याआधीपासूनच लिहावा लागे.
- शब्दांऐवजी नुसती चिन्हं (पाण्याची बादली, त्रिकोण, इस्त्री) चालतील ही मुभा जुलै १९९७ पासून. युरोपात चिन्हं याआधीच रूढ होती, म्हणून तिकडच्या मालाला हे लावू नका.
- कापडी लेबल जाऊन मानेच्या आत थेट छापलेला मजकूर हेन्स या कंपनीने २००२ मध्ये मोठ्या प्रमाणावर आणला.

लेबलवरच्या आरएन (रजिस्टर्ड आयडेंटिफिकेशन नंबर) क्रमांकाबद्दल एक इशारा. तो शर्टाचा नसतो, कंपनीच्या नोंदणीचा असतो. १९६२ मध्ये नोंदलेली कंपनी आजही तोच क्रमांक छापते. त्या आकड्यातून वजाबाकी-भागाकार करून साल काढायचं एक सूत्र सगळीकडे फिरतं. त्यातून फार तर कंपनीची नोंदणी कधीची याचा अंदाज येतो, शर्टाचं साल कधीच नाही. डब्ल्यूपीएल (लोकरी मालाच्या लेबल कायद्याखालच्या नोंदणीच्या) क्रमांकांचंही तेच. ते १९४१ ते १९५९ दरम्यान दिले गेले, पण ज्यांच्याकडे होते ते पुढेही वापरत राहिले.

छपाईखालचं कॉपीराइटचं साल चित्राचं असतं. तेच चित्र वीस वर्षांनी पुन्हा छापलं तरी साल जुनंच राहतं.

दुहेरी_टीप:
शिलाईबद्दल थोडं, कारण 'एकेरी म्हणजे जुना' हे अर्धंच खरं आहे.

एकेरी म्हणजे बाहीच्या आणि खालच्या घेराच्या दुमडीवर बाहेरून टिपेची एकच ओळ. दुहेरी म्हणजे बाहेर दोन समांतर ओळी आणि आत त्यांना जोडणारी धाग्यांची जाळी. ती शिलाई कापडाबरोबर ताणते, म्हणून टिकते. अमेरिकेतले मोठे कारखाने नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात हळूहळू दुहेरीकडे वळले. मधल्या काळात बाही एकेरी आणि घेर दुहेरी असे मिश्र शर्टही भरपूर निघाले. म्हणजे दुहेरी टीप दिसली तर सत्तरच्या दशकाच्या दाव्यावर शंका घ्या, पण एकेरी टिपेने एकट्याने काहीच सिद्ध होत नाही. ती आजही कुणीही मारू शकतं.

दुहेरी उसवून एकेरी केलेली असेल तर अशी पकडा. बाहीची दुमड उलटी करा, उजेडासमोर धरा आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवा. काढलेल्या टिपेच्या जागी सुईच्या बारीक छिद्रांची सरळ रांग दिसते. तिथलं कापड दबलेलं असतं आणि रंग शेजारपेक्षा गडद असतो. मूळ एकेरी टिपेशेजारी असं काही नसतं.

बाजूची शिलाई नसणंही जुनेपणाची खूण म्हणून सांगतात. खरं तर गोल यंत्रावर नळीसारखं कापड विणलं की बाजूला शिलाई लागतच नाही. फक्त प्रत्येक मापाला वेगळ्या व्यासाचं सिलिंडर लागतं. हे आजही चालतं. त्यातून साल कळत नाही, पद्धत कळते.

छपाईबद्दल:

प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीचे कण आणि त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य. ती वाळत नाही, शिजते. शाईचा पूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सियसला पोचावा लागतो. वरचा थर तापला आणि खालचा कच्चा राहिला तर हाताला पक्की लागते आणि तिसऱ्या-चौथ्या धुण्यात पापुद्रे सुटतात. अशा पापुद्र्यांना लोक जुनेपणा समजतात, पण तो शिजवण्यातला दोष आहे. सत्तरच्या दशकातले इस्त्रीने चिकटवलेले ट्रान्स्फर वेगळे दिसतात. चित्राच्या कडेबाहेर पातळ पारदर्शक पट्टी असते आणि तडे तुकड्या-तुकड्यांनी जातात.

खोटं जुनेपण ओळखायला शिलाईची माया उघडून पाहा. खरा विटलेला शर्ट बाहेरून फिकट असतो, खांद्यावर आणि घड्यांच्या कडांवर जास्तच, पण मायेच्या आत मूळ रंग शिल्लक असतो. आत-बाहेर सगळीकडे सारखाच फिकट असेल तर एकदम रसायनात बुडवून काढलेला. छपाईवर पॉलिश पेपर घासला असेल तर ओरखडे एकाच दिशेने जातात. वापराने गेलेली छपाई जिथे अंग ताणतं तिथे आधी फाटते, म्हणजे छातीवर.

काजबटण:
उपयोगी. मग हा पाहा: काळा शर्ट, छपाईखाली १९७९ चं कॉपीराइट. लेबल कापडी, त्यावर ५०% कॉटन ५०% पॉलिएस्टर, आरएन क्रमांक, 'मेड इन यूएसए', आणि धुण्याच्या सूचनांच्या जागी नुसती चार चिन्हं. बाह्या एकेरी, घेर दुहेरी. विकणारा १९७९ म्हणतोय.

माया_अर्धाइंच:
चिन्हांनी निकाल लावला. अमेरिकेत बनलेला, आरएन असलेला आणि सूचना शब्दांत नाहीत, म्हणजे लेबल १९९७ च्या मध्यानंतरचं. १९७९ हे चित्राचं साल. आधी लेबल मागून शिवलेलं नाही ना ते बघा. मूळ लेबल गळपट्टीच्या शिलाईतच अडकवलेलं असतं. नंतरचं वरून टाचलेलं असतं आणि त्याची टीप मागच्या बाजूला दिसते. लेबल मूळचं असेल तर शर्ट नव्वदच्या अखेरीचा किंवा नंतरचा.

दुहेरी_टीप:
सहमत. मिश्र शिलाईमुळे विकणाऱ्याला बोलायला जागा मिळते, पण घेराची दुहेरी टीप १९७९ च्या बाजूची नाहीच.

होजिअरी:
काळा शर्ट आहे म्हणून आणखी एक तपासणी, आणि ही पैसे देण्याआधी करा. काळ्या सुती मालात गंधकी काळा रंग खूप वापरला गेला. उष्ण, दमट जागी वर्षानुवर्षं राहिला की त्यातल्या गंधकाचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते सुताच्या तंतूंनाच खातं. शर्ट दिसायला धडधाकट असतो, पण ताणला की कागदासारखा टर्कन फाटतो.

घेराच्या आतल्या मायेचा इंचभर भाग दोन्ही अंगठ्यांत धरा आणि हलकेच ताणा. चांगलं कापड ताणतं आणि मागे येतं. कुजलेलं कोरडा आवाज करून सुटतं. ही तपासणी छातीवर करू नका, फाटलं तर मिटलं. पन्नास-पन्नास मिश्रणात पॉलिएस्टर टिकून राहतं, त्यामुळे तिथे फाटण्याऐवजी कापड पातळ, जाळीदार होत गेलेलं दिसेल.

कापड अजून धड असेल तर पाच लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून अर्धा तास भिजवा आणि दोनदा साध्या पाण्यातून काढा. आम्ल निवळतं. तुटलेले तंतू मात्र जोडले जात नाहीत, म्हणून हा उपाय आधीच करायचा. वाळवताना हँगरला लटकवू नका. ओल्या विणलेल्या कापडाचं वजन खांद्यावर येतं आणि गळपट्टी लोंबते. आडवा पसरून सावलीत वाळवा, आणि ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. छपाई समोरासमोर येईल अशी घडीही नको. प्लास्टिसोलमधलं मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेत वर येतं आणि दोन थर एकमेकांना चिकटतात. मध्ये पातळ सुती कापड घाला.