सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड आणि गिअरबॉक्सची घरघर: नाशिकची जुनी सिटी

प्रेषक: इंदिरानगरकर (लेस्टर)

नमस्कार मंडळी,

नाशिकला आई-बाबांकडे २००७ ची होंडा सिटी झेडएक्स आहे. १.५ लिटर आय-डीएसआय पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. सव्वा लाख किलोमीटर झालेत. रोजचा वापर म्हणजे भाजी, बँक, फार तर कॉलेज रोड. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी सेल्फ मारला की पुढून खडखड येते, मग टकटक राहते आणि काही मिनिटांनी सगळं शांत होतं. न्यूट्रलला उभी असताना खालून घरघरही येते. गॅरेजवाले म्हणतात, टायमिंग चेनचा, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणाऱ्या साखळीचा, पूर्ण सेट बदला आणि गिअरबॉक्स उतरवा. पण गाडी तिथे पोचेपर्यंत गरम झालेली असते, त्यामुळे आवाज कोणी धड ऐकलेलाच नाही. धाकटा भाऊ तिथे आहे, हाताने काम करायची त्याची तयारी आहे. त्याने सुरुवात कुठून करावी?

प्रेषक: सातपूरकर (बर्मिंगहॅम)

अजून एकही बोल्ट सैल करू देऊ नकोस. थंड इंजिन दिवसातून एकदाच हाती लागतं. दहा मिनिटं चाललेलं इंजिन पुन्हा पूर्ण निवायला सात-आठ तास जातात, म्हणून कोणत्या सकाळी काय ऐकायचं ते आदल्या रात्री ठरवायला हवं. गॅरेजला दाखवायचीच असेल तर गाडी संध्याकाळी तिथे नेऊन रात्रभर उभी करा आणि सकाळी मिस्त्रीच्या समोर पहिला सेल्फ मारा. गरम गाडी ऐकून दिलेला थंड आवाजाचा अंदाज मी तरी मानणार नाही.

पहिली सकाळ नुसत्या रेकॉर्डिंगची. बोनेट आधीच उघडून ठेवा. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि मगच चावी फिरवा, कारण पहिले दोन सेकंदच सगळ्यात मोलाचे. एसी आणि ब्लोअर बंद, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. फोन आधी बेल्टच्या बाजूला धरा, मग टॅपेट कव्हरवर (इंजिनाचं वरचं झाकण), मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणारा नळ). पट्टा आणि पंखा यांच्यापासून हात, ओढणी, मफलर लांब. कोणता आवाज कितव्या सेकंदाला गेला ते लिहून काढा.

एक ते तीन सेकंदांत थांबणारी खडखड ही बहुतेक वेळा ऑइल उशिरा पोचल्याची खूण असते. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रीत वरच्या वाटांमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलं, तर दाब येईपर्यंत चेन सैल राहते आणि गाइडवर आपटते. इथे आधी संशय फिल्टरवर घ्यायचा, चेन नंतर. फिल्टरच्या आत रबराची एकमार्गी झडप असते, इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरू नये म्हणून. स्वस्त फिल्टरचं हे रबर लवकर ताठरतं.

दुसरा संशय ऑइलच्या ग्रेडवर, म्हणजे जाडीवर; ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकं ऑइल थंडीत जाड. ‘जुनी गाडी आहे, जाड घाला’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. नाशिकला थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो, निफाडकडे तर पाचाच्या आसपास. एवढ्याने २०डब्ल्यू ऑइल गोठत नाही, पण पंपापासून हेडपर्यंत चढायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ चेन वाजते. या इंजिनाला ५डब्ल्यू-३० योग्य. फिल्टरसह साधारण ३.६ लिटर बसतं. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घ्या, बोल्ट ३९ न्यूटन-मीटरला आवळा. फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा आणि रबर टेकल्यावर पाऊण फेरा हातानेच.

चेन खरंच लांबली असेल तर आवाज गरम झाल्यावरही उरतो, विशेषतः रेस देऊन पाय सोडला की. तसं असेल तर टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते मोजा आणि मग सेटचा विचार करा.

आता टकटक. टॅपेट (झडपा दाबणारे भाग) आणि मॅनिफोल्डची गळती यांचा आवाज इतका सारखा असतो की अनुभवी माणूसही फसतो. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्क्रू आणि लॉकनटचे आहेत. गॅप वाढलेला टॅपेट थंडपणी वाजतो आणि गरमपणीही वाजतो. मॅनिफोल्डची गॅस्केट फाटली असेल तर थंडपणी जोरात टकटक येते आणि धातू तापून फुगला की फट मिटते, आवाज तीन-पाच मिनिटांत विरतो. खात्री करायची रीत सोपी आहे: गाडी थंड असताना सुरू केल्या केल्या एकाने जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड पाच-सहा सेकंद दाबायचं, दुसऱ्याने मॅनिफोल्डपाशी कान द्यायचा. गळती असेल तर तिथून ‘फस्स फस्स’ स्पष्ट वाढतं. जोडावर काजळीचे काळे फरकाटेही दिसतात. हे काम मोकळ्या अंगणातच करा, बंद पार्किंगमध्ये अजिबात नाही. धूर विषारी असतो.

टॅपेट तपासायचेच असतील तर हेड ३८ अंशांच्या खाली हवं, म्हणजे रात्रभर उभी गाडी. इनटेक ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३०. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना गॅप हलतो. एक गोष्ट कळकळीने सांगतो: ज्या गाडीला सीएनजी किट आहे तिथे टॅपेट गप्प झाला म्हणून खूश होऊ नका. झडपेची सीट झिजून झडप वर सरकते, गॅप संपतो, आवाज जातो, आणि झडप नीट बसत नसल्याने जळते. वाजणारा टॅपेट त्या मानाने निरुपद्रवी.

खोलवरचा, पोकळ ठोका असेल तर प्रकरण वेगळं. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढून बघा. ज्याचा काढल्यावर ठोका कमी होतो, दोष त्या सिलिंडरचा. थंडीत वाजून गरमपणी जातो तो पिस्टनचा. त्याच्यासह गाडी कित्येक वर्षं चालते. गरमपणी वाढतो आणि दोन हजारांच्या आसपास रेस सोडताना खणखणतो तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. तशी गाडी पुढे चालवू नका.

जाता जाता: या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण आठ प्लग आहेत. मागचे चार काढायला अवघड, म्हणून पुष्कळदा पुढचेच चार बदलले जातात. थंडीत इंजिन थरथरत असेल तर आठही बघा.

प्रेषक: पंचवटीची ताई (डर्बी)

इंजिनाचं काकांनी सांगितलं, मी गिअरबॉक्सपुरतं लिहिते.

गाडी न्यूट्रलमध्ये आणि क्लच सोडलेला असला की इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) आणि त्यावर जुळलेले सगळे गिअर फिरत असतात. क्लच दाबला की शाफ्ट थांबतो. म्हणून दुसऱ्या सकाळी भावाने फक्त एवढं करावं: इंजिन सुरू, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि क्लच अगदी सावकाश दाबायचा. पेडल कुठे असताना आवाज बदलतो ते बघायचं. पूर्ण दाबल्यावर घरघर गेली तर ती गिअरबॉक्सच्या आतली. नुसता पाय टेकवल्यावर चर्र सुरू झाली तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. पूर्ण दाबूनही काहीच बदल नसेल तर गिअरबॉक्स निर्दोष, आवाज पुढच्या पट्ट्यावरच्या बेअरिंगचा, अल्टरनेटर किंवा वॉटर पंप. मग पट्टा उतरवून इंजिन अर्धा मिनिट चालवा. त्याहून जास्त नाही, वॉटर पंप त्याच पट्ट्यावर आहे. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे.

आतलीच घरघर असेल तर दोन शक्यता. हलकी रेस दिल्यावर किणकिण नाहीशी होत असेल तर ती गिअरच्या दात्यांमधल्या मोकळ्या जागेची, आयडलच्या, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाच्या, हिसक्यांनी वाजणारी. तिची काळजी नको. रेसबरोबर वाढत जाणारी, दळल्यासारखी घरघर मात्र बेअरिंगची.

दोन्ही शक्यतांत गिअरबॉक्स उतरवण्याआधी ऑइल बघायचं. होंडाच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला त्यांचं एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, साधारण दीड लिटर. बाहेर मात्र ‘गिअर ऑइल’ म्हणून ईपी-९० जीएल-५ ओततात. ते थंडीत मधासारखं जाड होतं, सिंक्रो रिंगला (गिअर पडताना वेग जुळवणारं कडं) ऑइलचा थर पुसून पकड घेता येत नाही, म्हणून सकाळी पहिला आणि दुसरा गिअर अडतो. शिवाय त्यातली गंधकाची रसायनं पितळी रिंगला हळूहळू खातात. सकाळी दुसरा गिअर अडतो का आणि पाच किलोमीटरनंतर सुटतो का, हे भावाला जरूर विचारा.

रस्त्यावर गेल्यावर येणारी घरघर वेगाबरोबर वाढत असेल, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर नव्हे, तर चाकाचं बेअरिंग आधी बघा. पेठ रोडला रिकाम्या सरळ पट्ट्यावर चाळीसच्या वेगाने स्टिअरिंग हळुवार डावी-उजवीकडे द्यायचं. डावीकडे वळताना आवाज वाढला तर भार उजव्या चाकावर आहे, बेअरिंगही तिकडचंच.

प्रेषक: देवळालीकर (कॉव्हेन्ट्री)

मध्येच विचारतो. आमच्या तिथल्या डिझेल लोगन गाडीला थंडीत फार ठकठक आहे आणि दोन मिनिटांनी पांढरा धूर थांबतो. यातलं काही लागू पडतं का? आणि ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष मोबाइलवर दाखवणारं) घेऊन जाऊ का?

प्रेषक: सातपूरकर (बर्मिंगहॅम)

डिझेल थंडपणी जोरात ठोकणारच. फवारलेलं इंधन पेटायला उशीर होतो आणि मग एकदम पेटतं. पण दोन मिनिटं धूर म्हणजे ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन आतून तापवणारे) तपास. मल्टिमीटरने प्लगच्या टोकापासून बॉडीपर्यंत ओहम मोज: एकाच्या आसपास किंवा कमी आला तर ठीक, तुटक दाखवला तर प्लग गेला. प्लग काढायचा झाल्यास इंजिन कोमट असू दे आणि जोर लावू नकोस, हेडमध्ये तुटला तर मोठं काम. इंजेक्टरच्या बुडाशी काळा डांबरासारखा थर आणि ‘चफ चफ’ आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गळतोय. प्लग ठीक असूनही ठकठक राहिली तर इंजेक्टर टेस्ट बेंचवर लाव, हे काम नाशिकमध्येच होईल.

डोंगलवर विसंबू नकोस. भारतात ओबीडी-२ सक्तीचं झालं २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत सॉकेट दिसला तरी डोंगलशी बोलेलच असं नाही.

प्रेषक: इंदिरानगरकर (लेस्टर)

काका, ताई, भावाने चार सकाळी लावून हे कळवलंय. खडखड दोन सेकंद, बेल्टच्या बाजूने. गरमपणी रेस सोडली तरी परत येत नाही. टकटक चार मिनिटांत जाते, फडकं दाबल्यावर मॅनिफोल्डपाशी फस्स आवाज आणि काजळी. घरघर क्लच पूर्ण दाबला की जाते, रेसबरोबर थोडी वाढते. दुसरा गिअर पहिले दोन-तीन किलोमीटर अडतो. बिलात इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५० लिहिलंय. गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल काहीच नोंद नाही.

प्रेषक: सातपूरकर (बर्मिंगहॅम)

चांगलं काम केलं त्याने. हे तीन वेगळे दोष आहेत, चेनचा सेट त्यात कुठेच नाही. आधी फक्त ऑइल आणि कंपनीचा फिल्टर. मग दोन सकाळी ऐका, मध्ये दुसरं काही करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

मग मॅनिफोल्ड. आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नट इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडवा. एखादा अडला तर ओढू नका. थोडा सोडवायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा स्प्रे. स्टड तुटला तर अंबड किंवा सातपूरच्या लेथवाल्याकडे जावं लागेल. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग स्टीलच्या पट्टीने तपासा. वाकलेला असेल तर नवी गॅस्केटही महिन्याभरात जाईल. गॅस्केट आणि नट नवे, आवळताना मधून बाहेर, दोन फेऱ्यांत.

आणखी एक. एवढ्या छोट्या फेऱ्यांत ऑइल कधी पुरतं तापत नाही, त्यात पाणी आणि पेट्रोल साचतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर आहे का बघा. किलोमीटर कितीही कमी झाले असोत, ऑइल वर्षाला बदलायचं, आणि आठवड्यातून एकदा त्र्यंबकपर्यंत जाऊन यायचं.

प्रेषक: पंचवटीची ताई (डर्बी)

गिअरबॉक्सचं ऑइल गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून कोमट असताना काढा. गाडी चारी बाजूंनी सपाट हवी; नुसता पुढचा जॅक लावला तर पातळी चुकते. वरचा फिलर बोल्ट आधी सोडवा, मगच खालचा. वरचा अडकला आणि खालून ऑइल गेलं तर गाडी जागेवरच राहील. जुन्या ऑइलला गंधकाचा उग्र वास असेल तर जीएल-५ होतं असं समजा. ड्रेन बोल्टवर चुंबक आहे. त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असणं साहजिक; टोकदार कपचे असतील तर बेअरिंग किंवा दात तुटतोय. ऑइलमध्ये सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोची झीज.

नवं एमटीएफ फिलरच्या भोकाच्या खालच्या काठाला टेकेपर्यंत भरा, बोट घालून बघा. वॉशर दोन्ही नवे. मग तीनशे-चारशे किलोमीटर चालवू द्या. दुसरा गिअर सुटेल असं मला वाटतं. घरघर कमी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही. तेवढ्यासाठी उतरवू नका. पहिल्या ते चौथ्या गिअरमध्ये जोर लावताना हुंकार यायला लागला किंवा चुंबकावर कपचे दिसले, तर मात्र उतरवा. त्या वेळी इनपुट शाफ्टची दोन्ही बेअरिंगं, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं ऑइल सील एकदमच बदला, कारण मजुरीचा मोठा भाग उतरवण्याचाच असतो. काढलेलं ऑइल बरणीत ठेवून उजेडात फोटो काढायला सांगा आणि चुंबकाचा फोटोही पाठवा, बघून सांगते.