बोंडअळीशी लढायला झाडाच्या अंगचे गुण हवेत की नवीन जनुक?

वऱ्हाडी_पऱ्हाटी:
नोव्हेंबरात कपाशीच्या शेतात एक हिरवं बोंड फोडलं. बाहेरून डागही नव्हता. आत एक पाकळी (बोंडातला कप्पा) पिवळी पडलेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्यात गुलाबी अळी. २००२ मध्ये बीटी (जिवाणूचं जनुक घातलेलं, अळीला मारणारं कपाशीचं बियाणं) आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं, तरी २०१७ ला विदर्भात हीच अळी बोंडं पोखरून गेली.
माझं स्पष्ट मत आहे की सगळा भार बीटीवर टाकून आपण झाडाचे स्वतःचे गुण वाऱ्यावर सोडले. पानावर दाट लव असली की तुडतुडे टिकत नाहीत. गावरान कपाशीला रसशोषक किडींचा त्रास कमी. वाण १५० दिवसांत मोकळं झालं तर गुलाबी अळीला पुढे खायला बोंडच उरत नाही. आधी हे गुण निवडा, बीटी त्यावर चढवा.

काळी_माती:
दादा, नव्वदचं दशक आठवा. अमेरिकन बोंडअळी, म्हणजे गुलाबीहून वेगळी अळी, पायरेथ्रॉइड कीटकनाशकानंही मरत नव्हती. आमच्या वडिलांनी पाठीवर पंप घेऊन फवारण्या केल्या आणि कर्ज डोक्यावर राहिलं. ती अळी आवरली बीटीनंच. लवेनं ती थांबत नाही, उलट लवदार पानावर पतंग जास्त अंडी घालतो, पांढरी माशीही वाढते. गावरानचा धागा आखूड, बाजारात भाव पडतो. पोट त्यावर भरत नाही.

सरकी_आणि_वाण:
दोघांनीही एक गोष्ट सोडली. आपल्याकडे बीटी आलं ते मुख्यतः संकरित वाणांत. तिथं जनुक एकाच पालकाकडून येतं, म्हणून त्या झाडाच्या बोंडातल्या दर चार सरक्यांपैकी साधारण एकीत ते नसतंच. एकाच बोंडात काही सरक्या विषारी, काही साध्या. अळीला प्रतिकार शिकवायला याहून सोयीची शाळा नाही. शिवाय संकरित झाड लांबतं, शेतकरी फरदड घेतो (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखतो) आणि अळीची एक पिढी आणखी निघते. अमेरिकेनं २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं, पण तिथं सरळ (संकरित नसलेल्या) वाणांतलं बीटी, नपुंसक पतंग सोडणं आणि पीक वेळेवर संपवणं हे सगळं एकत्र केलं होतं.

काळी_माती:
सरळ वाणाचं म्हणणं पटलं. पण दुकानात मागितलं तर मिळतं का? मला तरी मिळालं नाही. आणि फरदड लोक हौसेनं घेत नाहीत. कॅनॉलचं पाणी असतं, मजुरी थकलेली असते, जानेवारीतल्या दोन वेचण्यांवर ती फिटते.

वऱ्हाडी_पऱ्हाटी:
ताई, म्हणूनच लवकर येणारं वाण हवं. डिसेंबरात पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटली की ओलावर हरभरा पेरता येतो, मजुरीची सोय त्यातून होऊ शकते. लवेबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पांढऱ्या माशीचा विचार करूनच लव किती ठेवायची ते ठरवावं लागेल. आता सगळ्यांनाच विचारतो, तुमच्या शिवारात डिसेंबरअखेर किती जणांची पऱ्हाटी उभी असते?