अनुभव धागा: पैसे कट झाले, पोचले नाहीत, खातं अडकलं... तुम्ही काय केलंत?

धागाकर्ती:
मंडळी, मध्यंतरी बाबांना ॲडमिट करताना हॉस्पिटलच्या काउंटरवर यूपीआयने डिपॉझिट भरलं, माझ्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज लगेच आला आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, मॅडम आमच्याकडे काहीच दिसत नाहीये, परत करा. मागे लाइन, बाबा व्हीलचेअरवर, ॲपमध्ये नुसतं 'पेंडिंग'. शेवटी भावाने त्याच्या कार्डवर भरले म्हणून ॲडमिशन झाली. मग नीट वाचून काढलं की हे होतं कसं. आधी आपल्या बँकेतून पैसे वजा होतात, मग एनपीसीआयमार्फत (यूपीआय चालवणारी संस्था) समोरच्या बँकेला जमा करायचा निरोप जातो, तिकडून उत्तर वेळेत आलं नाही की व्यवहार मधेच लटकतो. म्हणजे पैसे हरवलेले नसतात, पण आपल्याकडेही नसतात.

यावर रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं सर्क्युलर आहे, ते प्रत्येकाने फोनमध्ये ठेवावं असं मला मनापासून वाटतं. एका माणसाकडून दुसऱ्याला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकान किंवा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी भरले असतील तर ५ दिवसांत. एटीएममधून नोटा न येता पैसे कट झाले तरी ५ दिवसच. पुढे उशीर झाला तर रोजचे १०० रुपये, आणि ते बँकेने आपणहून द्यायचे असतात. माझे पैसे मुदत उलटल्यावर आले आणि भरपाई काही आली नाही, मग सर्क्युलरची तारीख टाकून मेल केला तेव्हा कुठे जमा झाली. तुमचेही अनुभव लिहा, काय केल्यावर काम झालं ते जरूर लिहा.

पेणवाला:
छोटीशीच गोष्ट पण आमच्या पतपेढीच्या सभासदांना रोज नडते. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं, लोक इंग्रजी ओ टाइप करतात आणि मग ॲप चालत नाही म्हणतात. दुसरं म्हणजे २०१९-२० मध्ये सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं त्यात कितीतरी शाखांचे कोड बदलले, तेव्हा जुन्या चेकबुकवरून कोड उतरवू नका.

बेदाणा_सांगली:
माझं जरा मोठं आहे, पण व्यापाऱ्यांनी वाचावं म्हणून सगळं लिहितो. परराज्यातल्या एका गिऱ्हाइकाने बेदाण्याच्या पेट्या मागवल्या, यूपीआयने पैसे आले, माल ट्रान्स्पोर्टला टाकला, विषय संपला. पुढे काही आठवड्यांनी हमाली द्यायला गेलो तर पेमेंट होईना. नेटवर्क असेल म्हणून सोडलं, संध्याकाळी गाडीभाडं पण जाईना, म्हणून शाखेत गेलो तर म्हणाले तुमच्या खात्याला डेबिट फ्रीज आहे, सायबर पोलिसांकडून आलंय, आम्ही काही करू शकत नाही. म्हणजे पैसे येत राहणार पण एक रुपया काढता येणार नाही, आणि ऐन सीझनचे दिवस. गिऱ्हाइकाने जे पैसे दिले ते कुणाच्या तरी फसवणुकीतून फिरत आलेले होते, पोलीस त्या पैशांचा माग काढत माझ्या खात्यापर्यंत आले. मी चोर नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण कामगारांना काय सांगणार, घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

काय उपयोगी पडलं ते सांगतो. शाखेत भांडत बसण्यापेक्षा तीन गोष्टी लेखी मागा: कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्याने कळवलंय, तक्रारीचा नंबर काय, आणि नेमक्या किती रकमेवर आक्षेप आहे. हे मिळाल्यावर वकिलांच्या सल्ल्याने त्या पोलीस ठाण्याला मेल केला, सोबत जीएसटीचं बिल, ट्रान्स्पोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती), गिऱ्हाइकाबरोबरचं व्हॉट्सॲप आणि खात्याचा उतारा. मागणी एवढीच ठेवली की वादातली रक्कम हवी तर धरून ठेवा पण बाकीचं खातं मोकळं करा. हे दोघांनाही पाठवलं, बँकेला आणि पोलिसांना, आणि फोन करून पाठपुरावा केला. खातं मोकळं झालं. ती रक्कम मात्र अजून अडकलेलीच आहे. आता धंद्याचं खातं वेगळं आणि घरखर्चाचं वेगळं, आणि बिल्टीचा फोटो काढल्याशिवाय पेटी हलत नाही.

दुबईकर:
बेदाणा भाऊ, वाचून वाईट वाटलं, सगळं व्यवस्थित लिहिलंत. आमचा बाहेर राहणाऱ्यांचा प्रॉब्लेम ओटीपीचा. इकडे आल्यावर भारतातलं प्रीपेड सिम रिचार्ज करायचं राहून जातं, नंबर बंद होतो, आणि काही काळाने तो दुसऱ्याच कुणाला तरी मिळतो. माझ्या रूममेटच्या बाबतीत हेच झालं, त्याच्या बँकेचे मेसेज एका अनोळखी माणसाला जायला लागले, तो माणूस सज्जन म्हणून त्याने कळवलं. सिम चालू ठेवा, नाहीतर बँकेत बाहेरचा नंबर नोंदवा. एनआरई किंवा एनआरओ (बाहेर राहणाऱ्या भारतीयांचं) खातं असेल तर दुबई, सिंगापूर, अमेरिका, इंग्लंड अशा काही देशांच्या नंबरवर यूपीआयसुद्धा चालतं, २०२३ पासून परवानगी आहे, फक्त आपल्या बँकेने ती सोय दिलीय का ते विचारून घ्या. आणि बाहेर स्थायिक झाल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवता येत नाही, एनआरओ करून घ्यावं लागतं.

चिपळूणची_लेक:
आमच्या शेजारच्या काकूंचं लाइट बिल अडकलं. त्यांनी नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, पहिलाच जो आला त्यावर फोन केला. तो माणूस इतका गोड बोलला, मराठीतून, ताई ताई करत, रिफंड देतो म्हणून एक ॲप टाकायला लावलं आणि काकूंचा अख्खा स्क्रीन त्याला दिसायला लागला. मी दूध द्यायला गेले तेव्हा काकू फोन हातात धरून पिन टाकत होत्या आणि तो म्हणत होता की पैसे यायला पिन लागते. मी फोन हिसकावून बंद केला, पण तोपर्यंत एक रक्कम गेलेली. ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लावला, लागेना, लावत राहिले, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं ब्लॉक केलं, मग १९३० वर व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम सगळं दिलं आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पुरी केली. काही पैसे पुढच्या खात्यातच अडवले गेले. पुन्हा पुन्हा सांगते, पैसे यायला पिन लागत नाही, कधीच नाही. घरातल्या मोठ्यांना ओरडू नका, ओरडलं की पुढच्या वेळी ती सांगतच नाहीत आणि उशीर होतो.

जुना_कॅशियर:
ताई, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. मी बँकेतून रिटायर झालो, काउंटरच्या आतली बाजू सांगतो. 'माझे पैसे गेले' एवढ्यावरून आम्हाला काही शोधता येत नाही. यूपीआय किंवा आयएमपीएसचा १२ आकडी नंबर, एनईएफटीचा यूटीआर (व्यवहाराचा नंबर), तारीख आणि रक्कम द्या, पाच मिनिटांत कळतं पैसे कुठे आहेत. तोंडी तक्रार केलीत तर ती केलीच नाही असं समजा, तक्रार नंबर घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका, साहेब कितीही ओळखीचे असोत.

तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले असतील तर २०१७ च्या नियमाप्रमाणे बँकेकडून कळल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत की तुमची जबाबदारी शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या सेव्हिंग खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत नुकसान तुमच्याकडे येतं. म्हणून मेसेज न वाचता डिलीट करू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करा, फी नाही, वकील लागत नाही, माहितीला १४४४८ ही हेल्पलाइन आहे. फक्त आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा हवा, तो नसला तर तिथे दार उघडत नाही. आमच्या वेळी लोकपालाचं पत्र आलं की अख्खी शाखा कामाला लागायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पेणवाला:
काका, एक विचारायचं होतं. आईचं पेन्शनचं नाही, दुसरं एक जुनं खातं आहे, ॲपमध्ये दिसतं पण व्यवहार होत नाही.

जुना_कॅशियर:
दोन वर्षांत तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नसेल तर ते इनऑपरेटिव्ह होतं, व्याज जमा होतं तो व्यवहार धरत नाहीत. आईचं आधार, पॅन आणि फोटो घेऊन केवायसी करा, चालू करायला चार्ज लागत नाही. १० वर्षं झाली असतील तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते, तरी ती तुमचीच राहते, उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधा आणि मग त्याच बँकेत क्लेम करा. आईला चालवत नेऊ नका, ७० च्या वर असतील तर घरी येऊन करायची सोय मागा, अर्ज लेखी द्या.

धागाकर्ती:
काका, वरचं सगळं मी बाबांच्या खात्यासाठी पण करून घेते. बेदाणा भाऊ, त्या अडकलेल्या रकमेचं काही झालं तर इथेच लिहा.