आठ जीबी रॅम आणि तीन हजारांचे गेम

स्नेहल, ए-३०२: गेमवाल्यांसाठी प्रश्न. सुट्टीसाठी मुलांना पीसी गेम घ्यायचेत, बजेट ३००० रुपये. लॅपटॉप आय-५ अकराव्या जनरेशनचा आहे, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ ची. तो रेड डेड रिडेम्प्शन २ मागतोय. घेऊ का?

रोहन, सी-५०१: नको ताई. गेम अप्रतिम आहे, पण तुमच्यासाठी नाही. एक तर तो प्रौढांसाठीचा, १८ वर्षांवरचा. दुसरं, डिस्कवर १५० जीबी जागा मागतो आणि नीट चालवायला जीटीएक्स १०६० च्या तोडीचं कार्ड लागतं. शिवाय सुरुवातीचा बर्फातला भाग संपेपर्यंत दोनेक तास जातात, म्हणजे खरा गेम सुरू होतो तेव्हा रिफंडची मुदत संपलेली असते.

स्नेहल, ए-३०२: रिफंड मिळतो?

रोहन, सी-५०१: स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, मिळतो. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळणं २ तासांपेक्षा कमी हवं. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. गेम नुसता मेनूवर उघडा ठेवून जेवायला गेलं तरी तो वेळ त्या दोन तासांत धरला जातो. म्हणून घेतल्या घेतल्या पहिल्या अर्ध्या तासात सेटिंग लावून बघायचं. पंखा किंचाळतोय, चित्र अडखळतंय असं दिसलं तर तिथेच बंद करायचं आणि पैसे परत मागायचे. ‘नंतर पॅच (दुरुस्तीचा अपडेट) येईल’ म्हणून थांबायचं नाही.

अनिरुद्ध, बी-२०४: गेमच्या आधी रॅम बघा. टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम), परफॉर्मन्समध्ये मेमरी. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेलं असतं. मग त्याच यादीत जीपीयूवर जा आणि वर काय नाव दिसतंय ते सांगा.

वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सची चिप साध्या रॅममधूनच काम भागवते. रॅमची एकच पट्टी असेल तर डेटा एका वाटेने येतो, दोन असतील तर दोन वाटांनी. अकराव्या जनरेशनच्या बऱ्याच आय-५ मध्ये आयरिस एक्सई चिप असते, पण एकाच पट्टीवर विंडोज तिला ‘इंटेल युएचडी’ म्हणून दाखवतं आणि ती तशीच मंद चालते. चिप तीच, फक्त उपाशी. बजेटातला पहिला खर्च तिथे करा.

फडके काका, ए-१०१: हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे याची आठवण करून देतो. तरी चर्चा चालू द्या, मलाही एक विचारायचंय. एज ऑफ एम्पायर्स २ ची नवी आवृत्ती माझ्या जुन्या डेस्कटॉपवर चालेल का? त्यातही कार्ड नाही.

रोहन, सी-५०१: डेफिनिटिव्ह एडिशन म्हणताय, २०१९ ची. चालेल काका. पण स्टीमवर ‘एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक’ नावाची फुकट जोडणी दिसेल, ती टाकू नका. ती ४के स्क्रीनसाठी आहे आणि आपल्याकडे नुसतीच जागा खाते. ऑनलाइन रँक्ड (क्रमवारीचे सामने) खेळायचं असेल तर गेम आधी बेंचमार्क, म्हणजे मशीनच्या वेगाची चाचणी, घेतो, त्यात १००० गुण लागतात. तेवढे आले नाहीत तर सावल्या आणि अँटी-अलायझिंग (चित्राच्या कडा गुळगुळीत करणं) बंद करून परत चालवा.

फडके काका, ए-१०१: आणि ते भारताचं एक्स्टेंशन?

रोहन, सी-५०१: डायनेस्टीज ऑफ इंडिया, एप्रिल २०२२ चं. त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले, जुन्या ‘इंडियन्स’चे हिंदुस्तानी झाले. छान आहे, पण आधी मूळ गेम घ्या. त्यातच ३५ संस्कृती आहेत. आणि लगेच ऑनलाइन उतरू नका. ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे धडे आहेत, त्यातला सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचा धडा सुवर्णपदक मिळेपर्यंत खेळा. सायबर कॅफेत खेळलेली बहुतेक मंडळी एकाच जागी मार खातात. टाउन सेंटर, म्हणजे गावकरी तयार करणारी मुख्य इमारत, रिकामं बसतं. सुरुवातीला २०० अन्न असतं, एक गावकरी ५० चा, म्हणजे पहिल्या क्षणी चार गावकरी रांगेत लागलेच पाहिजेत. लोकसंख्येची मर्यादा सुरुवातीला ५ असते, म्हणून सुरुवातीच्या तिघा गावकऱ्यांपैकी दोघांनी लगेच घरं बांधायला घ्यायची. भिंती, किल्ले वगैरे पुढचं पुढे.

सायली, ए-४०४: उद्या सकाळी ७ ला टँकर येतोय. गेटजवळच्या गाड्या हलवा प्लीज.

प्राजक्ता, डी-६०३: स्नेहल, दोन मुलं असतील तर दोघांनी मिळून खेळायचा एक तरी गेम घे, नाहीतर एकाच लॅपटॉपवरून रोज भांडण. पहिला सल्ला पोर्टल २. २०११ चा आहे, म्हणून तुझ्या मशीनवर पळेल. दोघांनी खेळायचा भाग एकट्याच्या गोष्टीपेक्षा पूर्ण वेगळा आहे, वेगळी कोडी, वेगळे रोबो. एकाला कीबोर्ड, एकाला गेमपॅड (हातात धरायचा कंट्रोलर), स्क्रीन अर्धी-अर्धी. एकाने दार उघडून धरायचं आणि दुसऱ्याने पलीकडे उडी मारायची असला मामला आहे. ९ वर्षांच्या मुलीला शेवटची कोडी जड जातील, दादाची मदत लागेल.

स्नेहल, ए-३०२: आणि ते इट टेक्स टू? सगळे तेच सांगतात.

प्राजक्ता, डी-६०३: सुरेख आहे. पण घेण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.
तो एकट्याला खेळताच येत नाही, कायम दोघं लागतात. एका पडद्यावर खेळताना एकच प्रत पुरते, पण निदान एक गेमपॅड हवाच. दुसऱ्या घरातला मित्र ऑनलाइन येणार असेल तर फ्रेंड्स पासवर तो फुकट खेळू शकतो. मात्र स्टीमवाला आणि पीएस ५ (प्लेस्टेशन) वाला एकत्र येऊ शकत नाहीत, ती सोय त्याच कंपनीच्या २०२५ च्या स्प्लिट फिक्शनमध्ये आहे.
स्टीमवर घेतला तरी पहिल्यांदा उघडताना तो ईएचं (प्रकाशक कंपनीचं) खातं मागू शकतो आणि ते तुझ्या स्टीम खात्याला बांधतो. तिथे तुझाच मेल दे, मुलाने घाईत काढलेला नको. मागाहून सोडवायचं म्हणजे डोकेदुखी.
आणि विषय. आईवडील घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आहेत, अशी गोष्ट आहे. मधे खेळण्यातल्या हत्तीचा एक प्रसंग आहे, लहान मुलं त्यात हमखास रडतात. तुझ्या मुलीसाठी मी दोन-तीन वर्षं थांबेन. तुमच्या चिपवर रिझोल्यूशनही ७२०पी आणि ग्राफिक्सची सगळी सेटिंग ‘लो’वर ठेवावी लागेल.

त्यापेक्षा ओव्हरकुक्ड, ‘ऑल यू कॅन ईट’ आवृत्ती. दोन्ही भाग एकत्र, वर असिस्ट मोड, त्यात वेळ जास्त मिळतो. चौघं खेळू शकतात, आणि एकच गेमपॅड असेल तर अर्धा-अर्धा वाटून दोघांना धरता येतो. फक्त लहान आवाजात खेळायचा गेम नाही तो, शेजाऱ्यांना सांगून ठेव 😄

अनिरुद्ध, बी-२०४: गेमपॅडबद्दल. घरात पीएस ४ किंवा पीएस ५ चा असेल तर नवा घेऊ नका. स्टीमच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरखाली प्लेस्टेशनचा पर्याय चालू करा. ब्लूटूथपेक्षा केबल बरी, विशेषतः दोन पॅड असतील तेव्हा. आणि केबल डेटावाली हवी. पॉवर बँकसोबतच्या बऱ्याच वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. दिवा लागतो, लॅपटॉपला मात्र पॅड दिसत नाही, आणि लोक पॅड खराब म्हणून परत करतात.

इम्रान, बी-७०२: क्रिकेटचं कोणी बोललंच नाही! मुलगा पुढे मागणारच.

रोहन, सी-५०१: मग तुम्हीच बोला, तुमचा विषय.

इम्रान, बी-७०२: क्रिकेट २४ या लॅपटॉपवर नको, कन्सोलवर घ्या. बॅटिंगचं टायमिंग असं आहे की चित्राच्या फ्रेम दोन-चार गळल्या तरी चेंडू पायाच्या पॅडवर. शिवाय भारतीय संघाचं अधिकृत लायसन्स त्यात नाही. खेळाडू हवेत तर मेनूतल्या अकॅडमीतून लोकांनी बनवलेले संघ उतरवून घ्यायचे, हे पहिल्याच दिवशी करायचं, कारण नंतर चालू करिअरमध्ये घुसवणं कटकटीचं. लेगस्पिन खेळताना बटण उशिरा दाबा, वेगवानला दाबता तेवढ्या लवकर नाही.

फुटबॉलचा ईए एफसी दरवर्षी येतो. सप्टेंबरमध्ये पूर्ण किमतीला घ्यायची गरज नाही, हिवाळ्यानंतर भाव बराच उतरतो, आणि गल्लीतल्या दोघांच्या मॅचला गेल्या वर्षीचाही तेवढीच मजा देतो. ईए प्लेच्या सभासदांना १० तासांची चाचणी मिळते, ती आधी वापरा. अल्टिमेट टीम, म्हणजे पॅकमधून खेळाडू जमवून संघ बनवायचा भाग, मात्र मुलांच्या हाती देऊ नका. त्यातले पॅक म्हणजे आत काय निघेल माहीत नसताना पैसे टाकणं, आणि पुढच्या वर्षीच्या गेममध्ये तो संघ येत नाही.

प्राजक्ता, डी-६०३: १००% 👆

स्नेहल, ए-३०२: मुलगा एकटा खेळेल असा? मारामारी चालेल, रक्ताचे पाट नकोत.

रोहन, सी-५०१: हेडीस. २०२० चा, ग्रीक पुराणावरचा. पाताळातून पळून जायचं, मरायचं, परत घरी यायचं. मरणं हाच गोष्टीचा भाग आहे, दरवेळी कुणीतरी नवीन काही बोलतं. जमत नसेल तर सेटिंगमध्ये गॉड मोड चालू करा. सुरुवातीला २० टक्के मार कमी लागतो, प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के कमी, ८० पर्यंत. गोष्टीतलं काहीही कापलं जात नाही. ही सोय वापरण्यात कमीपणा नाही.

हॉलो नाइटपण सुंदर आहे, पण तिथे फसगत होते. पाकिटावर ७+ दिसतं आणि आईवडील सोपा समजून घेतात. ते रेटिंग आशयाचं असतं, अवघडपणाचं नाही. त्यात सोपं-कठीण असा पर्यायच नाही. नकाशासुद्धा आधी विकत घ्यावा लागतो, आणि बाकावर बसल्याशिवाय तो पुढे भरत नाही. मेल्यावर पैसे तिथेच राहतात, ते उचलायच्या आधी परत मेलात की गेले. चिडक्या मुलाला पहिला गेम म्हणून हा देऊ नका.

रेटिंगचं उलटही होतं. बॅलाट्रो हा पत्त्यांचा गेम, पैसे लावायचा संबंध नाही, पण पोकरमधले पत्त्यांचे डाव दिसतात म्हणून युरोपात त्याला १८+ दिलं होतं. २०२५ मध्ये ते १२ वर आणलं. गणित आवडणाऱ्या मुलासाठी त्याहून चांगला गेम सांगता येणार नाही, आणि कुठल्याही डबड्यावर चालतो.

स्नेहल, ए-३०२: मुलीसाठी?

रोहन, सी-५०१: स्टारड्यू व्हॅली. शेती, मासेमारी, गावकऱ्यांशी दोस्ती. २०१६ चा, एकट्या माणसाने बनवलेला, आणि २०२४ मध्येसुद्धा १.६ चा मोठा अपडेट फुकट आला. लक्षात ठेवायचं एकच. गेम दिवस संपून झोपलं की सेव्ह होतो. मध्येच लॅपटॉप बंद केला तर त्या दिवसाचं काम पाण्यात. ‘पाच मिनिटांत ये’ ऐवजी ‘हा दिवस संपला की ये’ म्हणा. गेममधला एक दिवस १४ मिनिटांच्या आसपास असतो.

मेघना, सी-१०३: माइनक्राफ्ट कसं काय विसरलात?

अनिरुद्ध, बी-२०४: विसरलो नाही, त्यात पैसे वाया घालवायच्या जागा फार आहेत. पीसीवर जावा आणि बेडरॉक या दोन्ही आवृत्त्या एकाच खरेदीत येतात, डीलक्स वगैरे घ्यायची गरज नाही. मोबाइल किंवा पीएस ५ वरच्या मित्रांशी खेळायचं तर बेडरॉक उघडायचं, मॉड (लोकांनी बनवलेले बदल) टाकायचे तर जावा. घरातल्या घरात एकाच वायफायवर खेळायला रेल्म्सचं, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन सर्व्हरचं, भाडं लागत नाही, मात्र प्रत्येक मशीनवर वेगळी प्रत हवी. मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला मल्टिप्लेअर आपोआप मिळत नाही, पालकाने एक्सबॉक्सच्या सेटिंगमध्ये परवानगी द्यायची. ‘सर्व्हरला जोडता येत नाही’ ही निम्मी तक्रार तिथेच मिटते.

मेघना, सी-१०३: आणि आपल्या पुण्यात बनलेला ‘राजी’ गेम?

रोहन, सी-५०१: नॉडिंग हेड्स कंपनीचा, २०२०. देखणा आहे. छायाबाहुल्यांमधून गोष्ट सांगतात, आणि नंतरच्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये हिंदी आवाजही आला. पण ५-६ तासांत संपतो, शेवट घाईत तुटतो, आणि लढाईत कॅमेरा आपल्या हातात नसल्यामुळे कडेच्या उड्या चुकतात. सेलमध्ये जरूर घ्या, पूर्ण किमतीला नको. गाव आपलं म्हणून गुण वाढवून देणार नाही 🙂

स्नेहल, ए-३०२: सेल कधी असतो?

रोहन, सी-५०१: स्टीमचा मोठा उन्हाळी सेल जूनअखेरीस, हिवाळी नाताळच्या आधी. आपल्याकडे जूनमध्ये रात्री साडेदहाला आणि डिसेंबरात साडेअकराला सुरू होतो. पहिल्या दिवसाचा आणि शेवटच्या दिवसाचा भाव एकच असतो, जागत बसू नका. मधेमधे प्रकाशकांचे सेल चालूच असतात. गेम विशलिस्टला टाका, सवलत लागली की मेल येतो. फॅक्टोरिओ या कारखाने उभारायच्या गेमसाठी मात्र वाट बघू नका. तो बनवणाऱ्यांनी सेल न लावायचं ठरवलंय, २०२३ मध्ये किंमत उलट वाढवली. त्याचा फुकट डेमो आहे, तो खेळून ठरवा.

एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला काही ना काही फुकट मिळतं, खातं काढून ठेवा. इन्स्टाग्रामवर अर्ध्या किमतीत ‘प्रायमरी-सेकंडरी’, म्हणजे वाटून वापरायची, प्लेस्टेशन खाती विकतात, तिकडे जाऊ नका. गेम तुमचा नसतोच, विकणाऱ्याने पासवर्ड बदलला की संपलं.

प्राजक्ता, डी-६०३: स्टीमचं खातं स्वतःच्या नावाने काढ. १३ वर्षांखालच्यांना खातं चालत नाही, त्यामुळे मुलगी तुझ्याच लॉगिनवर. मुलाचं वेगळं काढ आणि स्टीम फॅमिलीजमध्ये (घरच्यांची खाती जोडायची सोय) ‘चाइल्ड’ म्हणून जोड. त्याला काय दिसावं, किती वेळ खेळावं ते तू ठरवतेस, आणि काही घ्यायचं असलं की तो विनंती पाठवतो. एका प्रतीवर एका वेळी एकच जण. आणि तुझ्या प्रतीवर त्याने ऑनलाइन चीटिंग केलं तर त्या गेममध्ये बंदी तुझ्या खात्यावरही येते, हे त्याला आधीच सांग.

स्नेहल, ए-३०२: बघितलं. स्लॉट्स १ ऑफ २. जीपीयूला ‘इंटेल युएचडी ग्राफिक्स’.

अनिरुद्ध, बी-२०४: वाटलंच होतं. दुसरा स्लॉट रिकामा आहे. त्याच मेमरीच्या पानावर वेग किती लिहिलाय बघा, बहुतेक ३२०० असेल. ८ जीबी, डीडीआर ४, ३२००, लॅपटॉपची पट्टी, म्हणजे दुकानात ‘सोडिम’ म्हणून मागा. डेस्कटॉपची लांब असते, बसणार नाही. बसवताना चार्जर काढा, बॅटरीची पिन सोडवा, पट्टी तिरकी आत सरकवून मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागल्या पाहिजेत. अर्धवट बसली तर लॅपटॉप सुरू होतो पण रॅम ८ च दाखवतो.

भाव आजचा विचारून सांगा. उरलेल्या पैशात पोर्टल २ आणि स्टारड्यू आधी, हेडीस सेलला.

फडके काका, ए-१०१: माझ्या डेस्कटॉपला लांब पट्टी लागेल ना? तीही डीडीआर ४ च का?

अनिरुद्ध, बी-२०४: लांब नक्की. डीडीआर ३ की ४ ते मदरबोर्डवर ठरतं काका, दोन्हीची खाच वेगवेगळ्या जागी असते. आतल्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो मला वेगळा पाठवा.