मदत हवी आहे: बागेतलं सूर्यघड्याळ सकाळी मागे, दुपारनंतर पुढे

नमस्कार मंडळी. परभणीकडचा आहे मी. आमच्या बागेत शहाबादी फरश्या बसवून जमिनीवर सूर्यघड्याळ केलंय. मधल्या पट्टीवर महिने कोरलेत. चालू महिन्यावर उभं राहायचं, आपली सावली ज्या आकड्याकडे जाईल ती वेळ. लेकरांना लई नाद लागलाय. माझा नातू मात्र मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणतो, "आजोबा, बागेतलं खोटं आहे."

म्हणून 22 डिसेंबरला वही घेऊन दिवसभर तिथंच बसलो. मोबाइलमध्ये 9:20, सावली जेमतेम 8:25 वर. 12:20 ला बरोबर 12 वर. आणि 3:20 ला चक्क 3:35! गुत्तेदार म्हणतो, "उन्हाचं घड्याळ हाय, इकडंतिकडं चालायचंच." कुणाला यातलं कळतं का?

गोदाकाठचा: काका, आपली वेळ 82.5 अंश रेखांशाची, परभणी 76.8 वर. अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 23 मिनिटं आपण मागे. त्यात सूर्याची वर्षभराची चाल धरली की हाच फरक फेब्रुवारीच्या मध्यावर 37 होतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 7 च्या आसपास येतो. सध्या 21. घड्याळ बरोबर आहे, शेजारी पाटी लावा.

धागाकर्ता: 12 पुरतं पटलं. पण 20-21 मिनिटं वजा केली तरी 9 ला 8:25 आणि 3 ला 3:35 येतंय. एकदा कमी, एकदा जास्त. पाटीवर लिहू काय?

रिकामटेकडा: पाटी राहू द्या, टेप घेऊन जा. सकाळच्या 6 पासून संध्याकाळच्या 6 पर्यंत सुतळी ताणा. सुतळीच्या मधापासून 6 किती लांब, 12 किती? आणि पहिला आकडा कोणता?

धागाकर्ता: 6 पर्यंत 3 मीटर, 12 पर्यंत 2.35. आकडे पहाटे 4 ते रात्री 8.

रिकामटेकडा: सापडलं. 2.35 भागिले 3, म्हणजे 0.78. हा आकडा गावाच्या अक्षांशाचा साइन असावा लागतो. 0.78 येतो साडेएक्कावन्न अंशांचा, म्हणजे लंडनचा! जूनमध्ये पहाटे 4 ला ऊन तिकडं, आपल्याकडं कुठलं? नकाशा जसाच्या तसा उचललाय. परभणी 19.3 अंशांवर, साइन 0.33. म्हणून 12 ची फरशी मधापासून 1 मीटरवरच हवी.

दुरुस्ती सोपी आहे. फरश्यांची पूर्व-पश्चिम जागा बरोबरच आहे, फक्त सरळ सुतळीकडे ओढा. आजचं अंतर गुणिले 0.42. पहाटेचे 4, 5 आणि रात्रीचे 7, 8 काढून टाका. महिन्यांची पट्टी मधापासून दोन्हीकडे 1.23 मीटर लागेल, तुमची 80 सेंटीमीटर असेल. मग जूनची खूण 12 च्या पलीकडे जाईल. मिस्त्री चूक काढेल, ऐकू नका. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारी आपला सूर्य उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते.

धागाकर्ता: पट्टी 81 भरली! जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि बागेत लंडन. नातू तेव्हापासून मिशीत हसतोय, मिशी नसताना. आता एकच सांगा, सिमेंटात बसलेली शहाबादी न फोडता निघते का?