मदत हवी आहे: आईला फुललेला पळस गाडीतूनच दाखवायचा आहे (शिरपूर भाग)

नमस्कार मंडळी,

आईचं माहेर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आता ती पुण्यात माझ्याकडे असते. वय 76, गुडघे पार गेलेत. परवा बाल्कनीत बसल्या बसल्या एकदम म्हणाली, "पयस फुलना व्हई आते." (अहिराणीत: पळस फुलला असेल आता.) मग बराच वेळ गप्पच.

लहानपणी होळीच्या आधी ती भावंडांसोबत पळसाखाली पडलेली फुलं टोपलीभर वेचून आणायची. रात्रभर हंड्यात भिजत घातली की सकाळी पाणी केशरी. हे सांगताना तिचा चेहरा काय होतो, ते मी बघितलंय. यंदा तिला न्यायचंच.

पण चालणं अजिबात जमणार नाही. गाडीच्या काचेतून पळस दिसेल असा रस्ता कोणता? कधी निघू? आणखी एक, खडकाळ टेकडीवर एकही पान नसलेल्या झाडाला तळहाताएवढी पिवळीधमक फुलं यायची, असं ती सांगते. नाव तिला आठवत नाही. बहावा का?

प्रतिसाद

ताई, मी शिरपूरचाच. शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने सेंधव्याकडे निघा. सांगवीच्या पुढे डोंगर जवळ येतात आणि मध्य प्रदेशच्या हद्दीवरचं गाव पळासनेर, नावातच पळास! फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत या. पानं गळून झाड नुसतं केशरी झालेलं असतं. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजारांची (आदिवासींच्या होळीआधीच्या बाजारांची) गर्दी असते, तेवढं धरून वेळ काढा.

सकाळी लवकर निघा. मार्चातच दुपारी पारा 40 कडे जातो, आईंना सोसणार नाही. शिवाय मैना, बुलबुल, शिंजीर फुलांवर येतात ते सकाळीच. वाटेत लाल, जाड पाकळ्यांची मोठी फुलं दिसली तर ती काटेसावर. खोडावर काटे असतात. पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं.

ते पिवळं झाड बहावा नव्हे. बहाव्याचे घोस लोंबतात आणि तो फुलतो एप्रिल-मेमध्ये. आईंचं झाड गणेर असणार, कुणी सोनसावर म्हणतं. कोरड्या, खडकाळ उतारावर पळसाच्याच सुमारास फुलतं.

फुलं न्यायची तर रस्त्याकडेची, खाली पडलेली वेचा. अनेर अभयारण्यात गेलात तर तिथून मात्र काहीच उचलू नका. तेवढ्या फुलांनीही रंग होतो: गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवा.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, गणेर! आईला नाव वाचून दाखवलं, तिने लगेच ओळखलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघतोय, मुक्काम शिरपूरला. हंडा सोबत घे म्हणतेय.