मदत हवी आहे : खडकाळ किनाऱ्यालगत, मोटारींविना, सामानासह सायकल प्रवास

नमस्कार.

मी आणि माझी मोठी बहीण पुढील वर्षी सहा-सात दिवसांचा सायकल प्रवास आखत आहोत. सामान सायकलींवरच असेल, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरांहून अधिक अंतर कापायची हौस नाही आणि घाईही नाही. अट एकच आहे व ती बहिणीची आहे : मोटारी धावतात त्या रस्त्यावर सायकल चालवायची नाही. दोन वर्षांपूर्वी एका अरुंद वळणावर मागून आलेल्या टेम्पोच्या आरशाचा तिच्या उजव्या कोपराला ओझरता फटका बसला. ती पडली नाही, हाडही मोडले नाही आणि कोपरावरचा काळानिळा डाग आठवड्याभरात गेला. पण मागून इंजिनाचा आवाज आला की तिचे खांदे अजूनही कानांपर्यंत चढतात आणि हॅण्डल डगमगू लागते. त्यामुळे "थोडासाच रस्ता आहे, सवय होईल" हा सल्ला कृपया देऊ नये. तो मी देऊन पाहिला आहे आणि त्याबद्दल पुरेसे ऐकूनही घेतले आहे.

माझी इच्छा मात्र नेमकी उलट्या दिशेला ओढणारी आहे. मला कडे, खाली आपटणाऱ्या लाटा, कातळात घुसलेल्या चिंचोळ्या खाड्या असा किनारा हवा आहे. सपाट वाळूच्या किनाऱ्यांवर सायकलींसाठी वेगळ्या वाटा सहज सापडतात, परंतु जिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथे मुळात एकाच रस्त्यापुरती जागा असते आणि ती मोटारींनी घेतलेली असते. शोध घेतल्यावर या पेचातून सुटण्याचा एक मार्ग दिसला, तो म्हणजे बंद पडलेले रेल्वेमार्ग. इटलीत सान लोरेंझो अल मारे ते ओस्पेदालेत्ती हा २४ किलोमीटरचा डांबरी सायकलमार्ग जुन्या रेल्वेच्या जागेवर आहे. २००१ मध्ये रेल्वे आतल्या बाजूला हलवली गेली आणि किनारा मोकळा झाला. इंग्लंडमध्ये स्कारबरो ते व्हिटबी ही १९६५ मध्ये बंद झालेली रेल्वे आता ‘सिंडर ट्रॅक’ म्हणून ओळखली जाते. तिची लांबी सुमारे ३४ किलोमीटर असून ती रेव्हन्सकारच्या उंच कड्यांवरून जाते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वेस्टपोर्ट ते ॲकिल हा ४२ किलोमीटरचा मार्ग १९३७ मध्ये बंद झालेल्या रेल्वेवर उभा आहे.

माझी पहिली अडचण या आकड्यांतच आहे. २४, ३४, ४२ : यांतला कोणताही मार्ग एका दिवसात संपतो. आठवड्याचा प्रवास करायचा तर असे तुकडे जोडावे लागतील, आणि जोडणी करायची तर मधले अंतर मोटारींच्या रस्त्यानेच कापावे लागेल. अनुभवी मंडळी हे सांधे कसे हाताळतात?

दुसरी शंका गिअरविषयी आहे. माझ्या सायकलीला पुढची सर्वांत लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी २८ दातांची आहे. गेल्या वर्षी एका किनारी रस्त्यावरच्या तीव्र चढावर पंधरा किलो सामानासह मी तीनदा उतरून सायकल ढकलली. या मार्गांवरही तीच गत होईल का? आणि शेवटचे, इटलीचा मार्ग डांबरी व सोपा आहे, सिंडर ट्रॅक ओबडधोबड पण अधिक रांगडा आहे. आमच्यासारख्या दोघींनी आधी कोणता निवडावा?

प्रतिसाद १

ताई, आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. सांधे हाताळायचेच नाहीत, असे ठरवून पाहा. सलग प्रवासाचा हट्ट सोडला, तर एका ठिकाणी दोन-तीन रात्री मुक्काम करून तोच मार्ग जाऊन-येऊन करता येतो आणि पुढच्या मार्गापर्यंत सायकलींसह रेल्वेने जाता येते. रेल्वेत सायकल नेण्याचे नियम मात्र गाडीगणिक बदलतात, ते तिकीट काढण्यापूर्वी वाचावेत. एकाच वाटेने परतणे कंटाळवाणे वाटेल, अशी भीती मलाही होती. प्रत्यक्षात सकाळी पाठीशी असलेला कडा संध्याकाळी समोर येतो, त्याच्यावरचा उजेड बदललेला असतो आणि जाताना पाठीवर असलेला वारा येताना छातीवर असतो, त्यामुळे वाट तीच आहे हे पायांना तरी पटत नाही.

‘वाहनमुक्त’ या शब्दाची मात्र शहानिशा करावी. जपानमधील शिमानामी काइदो हा ओनोमिची ते इमाबारी असा सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग त्यासाठी चांगले उदाहरण आहे. तिथे मोठ्या पुलांवर सायकलींसाठी वेगळी मार्गिका आहे, पण मधल्या बेटांवर सायकलस्वार बऱ्याच ठिकाणी साध्या रस्त्यावरच असतो आणि रस्त्याच्या कडेची निळी रेघ त्याला वाट दाखवते. रेघ दिशा दाखवते, मोटारी अडवत नाही. बहुतेकांना ते रस्ते सुखाचे वाटतात. आपल्या भगिनींना वाटतीलच असे नाही. म्हणून नकाशावर वेगळी वाट आणि सामाईक रस्ता दोन रंगांत रंगवून घ्यावा, प्रत्येक सामाईक तुकड्याची लांबी लिहावी आणि तो कागद त्यांना निघण्यापूर्वी दाखवावा. वाटेत अचानक समोर आलेले चारशे मीटर हे आधी ठाऊक असलेल्या चार किलोमीटरांपेक्षा जड जातात.

प्रतिसाद २

गिअरविषयी लिहितो. ३४ आणि २८ दातांच्या जोडीत पॅडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल अडीच मीटरांच्या आसपास पुढे जाते. दहा-बारा टक्क्यांच्या चढावर सामानासह एवढे अंतर एका फेरीत रेटणे बहुतेकांना झेपत नाही, तेव्हा ढकलण्यात कमीपणा मानू नये. पुढे २६ आणि मागे ३६ दात केले, तर तेच अंतर दीड मीटरावर येते. वेग चालण्याच्या वेगापेक्षा किंचितच जास्त राहतो, पण माणूस खोगिरावर बसलेला राहतो.

जुन्या रेल्वेमार्गांवर मात्र हा प्रश्न बराचसा मिटतो, कारण वाफेच्या इंजिनांना तीव्र चढ चालत नसत. रेव्हन्सकारकडे चढणारा उतार रेल्वेच्या हिशेबाने फारच कडक गणला जाई आणि तोसुद्धा साधारण ३९ फुटांना १ फूट, म्हणजे किलोमीटरला पंचवीस-सव्वीस मीटर इतकाच आहे. आपल्या आहे त्या गिअरवर तो चढता येईल. फक्त तो लांबलचक आहे, संपता संपत नाही.

खरी मेख वेगळीच असते. रेल्वे बंद झाल्यावर रस्त्यांवरचे पूल अनेक ठिकाणी काढून टाकलेले असतात. अशा जागी वाट भरावावरून एकदम खाली रस्त्यापर्यंत उतरते, रस्ता ओलांडते आणि समोर पुन्हा भिंतीसारखी वर चढते. वीस-तीस मीटरांचाच तो चढ, पण तळाशी थांबून, हलक्या गिअरमध्ये नसताना तो सुरू करावा लागला, तर दोघींपैकी एक हमखास पाय टेकणार. उतरतानाच गिअर हलका करून ठेवावा. या ठिकाणी मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून फाटकेही बसवलेली असतात आणि पिशव्या लावलेली सायकल त्यांतून नेताना मागची पिशवी खांबाला अडकते. माझ्या पिशवीचा वरचा आकडा असाच निसटला होता आणि ते मला पुढच्या उतारावर, चाकात पट्टा गुंडाळला गेल्यावर कळले.

टायर निदान ४० मिलिमीटर रुंद असावेत. सिंडर ट्रॅकला नाव पडले तेच रुळांखाली खडीऐवजी घातलेल्या जळक्या कोळशाच्या राखेवरून. पावसानंतर तिथे चिखल व खड्डे असतात, आणि अरुंद टायर त्यात रुतले की सारे लक्ष समुद्राऐवजी पुढच्या चाकाकडे राहते.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. फाटकांत अडकू नये म्हणून काल दोन्ही सायकलींना पिशव्या लावून रुंदी मोजली : माझी हॅण्डलपाशी ५८ सेंटिमीटर, तर पिशव्यांपाशी ५६. बहिणीची मात्र पिशव्यांपाशी ६३ निघाली, कारण तिने बाहेरच्या कप्प्यांत पावसाळी कपडे कोंबले होते. ते कपडे आता कॅरिअरच्या वर आडवे बांधणार आहोत. नकाशा दोन रंगांत रंगवण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे, आणि त्यातून तिचा एक नवा प्रश्न निघाला आहे : इटलीच्या मार्गावर कापो नेरो नावाचा बराच लांब बोगदा आहे, तर त्यातून सायकल चालवणे कसे वाटते?

प्रतिसाद ३

त्या बोगद्यातून गेले आहे. आत दिवे आहेत आणि मोटारी अर्थातच नाहीत. मात्र पादचारी आणि मुले असतात, त्यामुळे वेग कमी ठेवावा आणि स्वतःचा दिवा लावलेला असावा. तोंडाशी पोहोचण्यापूर्वीच गॉगल काढावा. समुद्राच्या लखलखाटातून आत शिरल्यावर पहिले काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि नेमके तेव्हाच कुणीतरी समोरून येत असते. उन्हातून आल्यावर आतला गारवा चांगलाच जाणवतो, तेव्हा घामाने भिजलेल्या अंगावर एक पातळ जाकीट असलेले बरे.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की आधी इटली करावी. रांगडेपणात तो किनारा उणा पडतो हे खरे आहे, परंतु संपूर्ण दिवस मागे इंजिनाचा आवाज न येता सायकल चालवण्याचा अनुभव आपल्या भगिनींना सध्या कड्यांपेक्षा अधिक गरजेचा दिसतो, आणि खड्डे चुकवण्याची चिंता त्यात नसावी. रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा. मी एका रात्री आळस केला होता; खारट वाऱ्यात उभ्या असलेल्या सायकलीच्या चेनवर सकाळी नारिंगी गंज चढला होता आणि पहिले दहा किलोमीटर ती माझ्याशी कुरकुरत होती.

धागाकर्तीचे उत्तर

बहिणीला हे वाचून दाखवले. इटलीला तिचा होकार आहे. बोगद्यात ती पुढे राहील आणि मी मागे, म्हणजे मागून जो काही आवाज येईल तो माझाच असेल, असे तिने ठरवले आहे. मागची चकती ३६ दातांची करायला सायकल उद्या देत आहे. त्यासाठी मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भागही बदलावा लागेल असे दिसते. त्याबद्दल कुणास अनुभव असल्यास अवश्य लिहावे.